पाल्मिराच्या मुठीचं प्रमाणपत्र

कास्तेलरूपो या डोंगरावरच्या गावात श्रीमती पाल्मिरा चिंगोलानी यांची खाणावळ, तिकडच्या भाषेत त्रात्तोरिया, एक्कावन्न वर्षं चालू होती आणि तिथे मेनूकार्ड नव्हतं. ही बाब गंभीर आहे, हे गावातल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सात टेबलं होती, त्यांवर पांढऱ्या कागदाची आच्छादनं होती. गिऱ्हाईक बसलं की पाल्मिराबाईंचा मुलगा सेत्तीमियो शेजारी येऊन उभा राहायचा आणि आज काय शिजलंय ते सांगायचा. गिऱ्हाइकाने मान डोलवायची. नाही डोलवली तर सेत्तीमियो तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगायचा.

गुरुवारी न्योक्की असायची, म्हणजे उकडलेल्या बटाट्यात मैदा मळून केलेल्या, बोराएवढ्या मऊ गोळ्या, बदकाच्या दाट रश्श्यात घोळवलेल्या. शुक्रवारी खारवलेला मासा आणि काबुली चणे. हा क्रम बदलावा असं कुणाला वाटायचं नाही, कारण गावातल्या घराघरात तोच क्रम होता. निवृत्त पोस्टमन क्विन्तो रोज साडेबाराला येऊन पहिल्या घासाला म्हणायचा, "आज मीठ कमी आहे." आतून पाल्मिराबाई ओरडायच्या, "मग घरी जाऊन चाट की मीठ!" त्यानंतर क्विन्तो दोनदा वाढून घ्यायचा.

सेत्तीमियोचं वय त्रेपन्न. तो आईला भीत नसे आणि देवाला बेताने भीत असे. तो खरा भ्यायचा शिक्क्याला. टपालातून आलेल्या पाकिटावर गोल शिक्का दिसला की त्याच्या तळहाताला घाम फुटायचा आणि आत काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच तो सही कुठे करायची ते शोधू लागायचा. बाकी माणूस चांगला होता. आई आहे तोवर तिने चुलीपाशी उभं राहावं आणि आपण ताटं उचलावीत, एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा होती. सरकारदरबारी एवढी छोटी अपेक्षा पुरी करण्याची सोय नसते, हे त्याला पुढे कळायचं होतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मिलानचे इंजिनियर कोल्नागी सपत्नीक प्रवास करत कास्तेलरूपोला आले आणि पाल्मिराबाईंकडे जेवायला बसले. तिसऱ्या घासाला त्यांनी डोळे मिटले.

"ओर्नेल्ला," ते बायकोला म्हणाले, "ही माझ्या आजीच्या हातची चव आहे."

"तुझी आजी टायपिंगचे वर्ग चालवायची. तुम्ही डबाबंद सूप प्यायचात."

"असेल. पण ती आज जिवंत असती आणि तिला स्वयंपाक येत असता, तर अशीच चव आली असती."

यावर ओर्नेल्लाबाईंनी वाइनचा पेला भरून घेतला. इंजिनियरसाहेबांनी कृती विचारली. पाल्मिराबाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. कृती सांगायला त्यांची कधीच ना नसे.

"बटाटे जुने घे. नवे आणलेस तर माझं नाव सांगू नकोस. उकड."

"किती वेळ?"

"उकडेपर्यंत."

"मैदा किती?"

"पुरेल तेवढा."

"मीठ?"

"पुरेल तेवढं."

"आणि अंडं?"

"बटाटा रडका असेल तर एक. नसेल तर नको."

"रडका म्हणजे नक्की किती टक्के पाणी?"

पाल्मिराबाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "हातात घेतलास की कळेल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या देशात कृती अशाच सांगतात. छापील पुस्तकांतही मिठापुढे 'पुरेल तेवढं' असंच लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ 'आईला विचार' असा सगळे समजून घेतात. कोल्नागी मात्र इंजिनियर होते. 'पुरेल तेवढं' हा एक ठरावीक आकडा असून तो आपल्यापासून लपवला जात आहे, अशी त्यांची समजूत झाली.

मिलानला जाऊन त्यांनी न्योक्की तीनदा केली. पहिल्यांदा तिची खीर झाली. दुसऱ्यांदा खळ झाली. तिसऱ्या वेळी पातेल्यात चमचा उभा राहिला, तो उभाच. आपल्याला स्वयंपाक येत नाही, असा एक सोपा निष्कर्ष यातून निघत होता. कोल्नागींनी तो बाजूला ठेवला आणि प्रांताच्या पर्यटन खात्याकडे अकरा पानी तक्रार केली. 'पारंपरिक पदार्थाविषयी अपूर्ण माहिती देऊन प्रवाशाची दिशाभूल' असा विषय होता. सोबत चमच्याचे फोटो होते.

तक्रार आली की तिचं काहीतरी करावं लागतं. पर्यटन खात्याने ती पारंपरिक चव संरक्षण विभागाकडे पाठवली. हा विभाग चार वर्षांपूर्वी स्थापन झाला होता आणि अद्याप कुणाचंही संरक्षण करण्याची संधी त्याला मिळाली नव्हती. विभागप्रमुख दोत्तोर ब्रांदोत्सी त्याच आठवड्यात कास्तेलरूपोला आले. हे दोत्तोर म्हणजे वैद्य नव्हेत. तिथे पदवी घेतलेल्या प्रत्येकाला दोत्तोर म्हणतात आणि न म्हटल्यास कामं होत नाहीत.

ब्रांदोत्सी आधी जेवले. दोन ताटं न्योक्की, वर रस्सा पावाने पुसून. मग तोंड टिपून त्यांनी फाईल उघडली.

"सिन्योरा, मला कळवायला खेद होतो की मी आत्ता जे खाल्लं ते कायद्याने अस्तित्वात नाही."

"मग थुंक बाहेर," पाल्मिराबाई म्हणाल्या.

"आई!" सेत्तीमियो म्हणाला.

"कलम चौदा," ब्रांदोत्सी म्हणाले. "पारंपरिक म्हणून वाढल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाची कृती ग्रॅममध्ये आमच्याकडे जमा असली पाहिजे. नसेल तर दारावरच्या पाटीवर 'त्रात्तोरिया' हा शब्द लिहिता येणार नाही, आणि तो शब्द नसेल तर जेवण विकायचा परवाना राहत नाही. तेव्हा सांगा, मैदा किती?"

"पुरेल तेवढा."

"कोणाला पुरेल?"

"बटाट्याला, बाळा. आणखी कोणाला?"

"आणि पुरला हे ठरवतं कोण?"

पाल्मिराबाईंनी उजवा हात वर केला. मैद्याने पांढरा झालेला, जाड बोटांचा, सांध्यांत फुगलेला हात. "हा ठरवतो."

ब्रांदोत्सींनी हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि वहीत 'हात' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"तुझ्या आईने तुला कधी काही रांधून घातलंय की नाही?" पाल्मिराबाईंनी विचारलं.

"माझी आई कोर्टात लघुलेखक होती. आम्ही कँटीनमध्ये जेवायचो."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे आणखी एक ताट ठेवलं. तेही ब्रांदोत्सींनी संपवलं.

सेत्तीमियोने त्या दिवशी तीन ठिकाणी सह्या केल्या. त्यांतली एक रिकाम्या कागदावर होती.

पुढच्या गुरुवारी वजनमाप खात्याचे दोन तंत्रज्ञ आले. एक तोलणारा आणि दुसरा पहिल्याने तोललं हे पाहणारा. पाल्मिराबाईंनी मैद्याच्या मुठी भरायच्या आणि त्यांनी तोलायच्या. सकाळी कोरडी हवा होती तेव्हा मुठीत बेचाळीस ग्रॅम आले. अकराला ढग आले, एकोणसाठ आले. दुपारी क्विन्तोने दारातून डोकावून "आज जेवण आहे की नाटक?" असं विचारलं तेव्हा त्यांनी रागाने मूठ आवळली, त्यात चौतीस आले. एकूण चाळीस मुठी झाल्या. ब्रांदोत्सींनी सरासरी काढली, एक्कावन्न दशांश तीन, आणि त्या आकड्याने मोजून न्योक्की करवून घेतली.

पाल्मिराबाईंनी एक गोळी तोंडात टाकली, चघळली आणि बेसिनमध्ये थुंकली.

"हे कोणी केलं?"

"आपणच, सिन्योरा. सरासरी आपण."

"ही सरासरीण घरात येऊ देऊ नकोस, सेत्तीमियो."

ब्रांदोत्सी निराश झाले, पण हरले नाहीत. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि त्यांना तोड सापडली. मुठीला ग्रॅममध्ये बसवता येत नसेल, तर मुठीलाच माप म्हणून मान्यता द्यायची. किलो आहे, लिटर आहे, तशी पाल्मिरा. प्रांताच्या राजपत्रात अधिसूचना निघाली आणि श्रीमती पाल्मिरा चिंगोलानी यांचा उजवा हात, मनगटापासून खाली, 'प्रांतिक प्रमाण मापन उपकरण क्रमांक एक' म्हणून नोंदवला गेला. 'पुरेल तेवढं' हे आता सरकारी परिमाण झालं.

गावात आनंदीआनंद झाला. महापौर आले, बँड आला. पाल्मिराबाईंनी महापौरांशी हस्तांदोलन केलं आणि ब्रांदोत्सींनी बाईंना लगेच बाजूला घेऊन सांगितलं की हे शेवटचं.

"शेवटचं म्हणजे?"

"आता ते उपकरण आहे, सिन्योरा. त्याला धक्का, ओल, उष्णता आणि मीठ यांपासून जपायला हवं. तापमान वीस अंश. वर्षातून एकदा तपासणी."

"अरे, मी न्योक्की मळते. त्यात ओलही आहे, मीठही आहे."

"म्हणूनच. प्रमाण किलोने कुणी कांदे तोलत नाही. तो कपाटात राहतो. या हाताने स्वयंपाक करता येणार नाही."

"डाव्याने करते."

"डावा अप्रमाणित आहे. अप्रमाणित मापाने अन्न विकणं हा गुन्हा आहे."

"आणि नाक कशाने खाजवू?"

ब्रांदोत्सींनी हा प्रश्न लिहून घेतला आणि वर पाठवला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की नाक ही खासगी बाब असल्याने तिच्यासाठी सार्वजनिक उपकरण वापरू नये.

तोवर मनगटावर शिशाचं सील लागलं होतं. पहिल्याच दिवशी पाल्मिराबाईंनी ते भाजी चिरायच्या सुरीने कापलं आणि पीठ मळायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली. खाणावळ सात दिवस बंद, आणि पुन्हा सील तुटल्यास पाटी जप्त.

सेत्तीमियो त्या बंद खाणावळीत एका उलट्या ठेवलेल्या खुर्चीपाशी उभा राहून रडला. त्रेपन्न वर्षांचा माणूस रडताना बरा दिसत नाही.

"आई, ऐक ना. ती पाटी बाबांनी लावलीय. शिडीवर चढून, स्वतःच्या हाताने. ती काढून नेली तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

"मला तरी दुसरं काय येतं रे?" पाल्मिराबाई म्हणाल्या.

सेत्तीमियोने खिशातून हमीपत्र काढलं, त्यावर फक्त सही राहिली होती. पाल्मिराबाईंनी मुलाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि एप्रन सोडून खुंटीला टांगला. सेत्तीमियोला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकदम वाटलं. त्याने सही केली.

आता नियमाप्रमाणे प्रमाण उपकरण कामाच्या वेळेत तपासणीसाठी उपलब्ध असायला हवं, म्हणून पाल्मिराबाईंना दर्शनी खिडकीत खुर्ची मिळाली. समोर तिवई, तिच्यावर मखमली उशी, उशीवर हात. शेजारी तापमापक आणि चार भाषांत पाटी: हात लावू नये.

मग स्वयंपाक कोण करणार? विभागाने तोही विचार केला होता. मुठीचा साचा घेऊन प्लास्टिकचा डाव बनवण्यात आला, एक्कावन्न दशांश तीन ग्रॅमचा, आणि प्रांतातल्या सगळ्या खाणावळींना तो सक्तीचा झाला. या डावाने मापलेली न्योक्की खालच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर वळली जाई आणि गोठवून पिशव्यांतून येई. खाणावळीत फक्त पाणी उकळायचं असे. पण कौटुंबिक खाणावळ म्हटल्यावर आजी लागते, आणि खरी आजी तर उपकरण होऊन बसली होती. म्हणून प्रभारी आजीचं पद निर्माण झालं. वय पंचावन्नच्या पुढे, बांधा भरीव, 'खा रे बाळा, हाडं दिसतायत तुझी' हे वाक्य चार भाषांत येणं आवश्यक. स्वयंपाक येत असल्यास अडथळा मानला जाणार नाही.

शेजारच्या गावच्या तलावावर पोहणं शिकवणाऱ्या इव्हानाबाईंची निवड झाली. आवाज खणखणीत होता. रोज अकराला त्या पांढरा टोप डोक्याला चढवत, गालाला मैदा लावत आणि प्रवाशांच्या मधोमध उभ्या राहून एक लाकडी लाटणं हलवत. दर वीस मिनिटांनी त्या एकेका पाहुण्याचा गालगुच्चा घेत. तो कुणाचा घ्यायचा ते सेत्तीमियो डोळ्यांनी सुचवत असे.

क्विन्तो पहिल्या गुरुवारी आला. एक गोळी खाल्ली. सगळं गाव त्याच्या मिठाच्या वाक्याची वाट पाहत होतं. त्याने हातरुमालाची नीट घडी केली, खिडकीपाशी जाऊन पाल्मिराबाईंसमोर टोपी काढली आणि निघून गेला. गावातले बाकीचेही हळूहळू यायचे थांबले. त्यांची जागा रिकामी राहिली नाही. बाहेर प्रवाशांची रांग होती.

प्रवासी खूश होते. एकेक जण डोळे मिटून आपापल्या आजीची आठवण काढत होता. ल्योनहून आलेल्या एका बाईला तर अश्रू अनावर झाले आणि इव्हानाबाईंनी तिला छातीशी धरून "खा गं बाळा" म्हटलं. सेत्तीमियो ताटं उचलत होता. दुपारी स्वतः जेवायला बसला की तो त्या गोळ्या रश्श्यात बुडवून, न चावता गिळत असे. आईने एकदा खिडकीतून विचारलं, "कशी झालीय?" तो म्हणाला, "चांगली आहे." त्यानंतर तिने विचारलं नाही.

जुलैत अभिप्राय येऊ लागले. 'अविस्मरणीय जेवण. आजी म्हणजे साक्षात माया! मात्र खिडकीत बसवलेली दुसरी वृद्धा जेवणाऱ्यांच्या ताटाकडे रोखून बघते आणि मान हलवते. तिला अस्सल वातावरणाची काही समज दिसत नाही. एक तारा कमी.' असे तीन आले. प्रांताच्या नियमात मायेच्या तीन तक्रारी म्हणजे परवान्याचा फेरविचार होता.

ब्रांदोत्सी धावत आले. जेवले नाहीत. हल्ली ते आपला डबा घेऊन येत.

"आईचा चेहरा जरा... बदलता येईल?" त्यांनी सेत्तीमियोला हळूच विचारलं.

"तो तिचाच आहे, दोत्तोर."

"अधिसूचनेत फक्त हात आहे. उपकरणाला जोडलेला उर्वरित भाग जतन करणं आमच्यावर बंधनकारक नाही, आणि पर्यटनाच्या दृष्टीने त्याची गरजही नाही."

उपाय सोपा निघाला. खिडकीत एक पडदा लावायचा, लाल चौकटीचा, प्रवाशांना आवडतो तसा. त्याला एक भोक पाडायचं आणि भोकातून हात बाहेर काढून उशीवर ठेवायचा. उर्वरित भाग पडद्यामागे. सेत्तीमियोने सही केली, शिडी आणली आणि पडदा स्वतः ठोकायला घेतला. परक्या माणसाला आईच्या डोक्यावर हातोडी चालवू देणं त्याला बरं वाटेना.

"सेत्तीमियो," पडद्यामागून आवाज आला, "खिळा वाकडा चाललाय."

त्याने तो सरळ केला.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो खाली आला तर उशीवर नुसतं सील पडलेलं होतं, सुरीने नीट कापलेलं. पडद्यामागे खुर्ची रिकामी. खुंटीवरचा एप्रन नव्हता. न्योक्कीवर रेघा उठवायची खाचांची लाकडी पाटी नव्हती. सेत्तीमियोचा पहिला विचार सीलचा होता. दुसरा आईचा. या क्रमाबद्दल त्याने स्वतःला नंतर पुष्कळ बोल लावले, पण क्रम तोच होता.

तासाभराने मावशीचा, देलियाचा, फोन आला. "ती माझ्याकडे आहे. बटाटे सोलतेय. तू कागद घेऊन येऊ नकोस, एवढंच सांग म्हणाली."

साडेअकरा होत आले होते, बाहेर रांग लागली होती आणि भोकात हात नव्हता. साचा काढताना केलेला प्लास्टरचा नमुना माळ्यावर पडलेला होता. सेत्तीमियोने तो पुसला, मनगटाला सील बांधलं आणि भोकातून उशीवर ठेवला. कुणाला काही कळलं नाही. उलट नखं स्वच्छ आहेत म्हणून एका पाहुण्याने कौतुक केलं.

ऑक्टोबरात वार्षिक तपासणी झाली. तोलणारा आला, पाहणारा आला, ब्रांदोत्सी आले. त्यांनी सकाळी मापं घेतली, ढग आल्यावर घेतली, दुपारी घेतली. काडीचा फरक नाही. उपकरण प्रथमच समाधानकारक अवस्थेत आढळलं असा शेरा पडला आणि प्रमाणपत्राचं एकदम दहा वर्षांसाठी नूतनीकरण झालं. "आईंना सांगा," ब्रांदोत्सी जाताना म्हणाले, "की त्या आता अगदी स्थिर झाल्यात." सेत्तीमियोने सांगतो म्हटलं. बाबांची पाटी जप्तीतून वाचली होती. त्या दिवशी त्याने पाटीकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, तो बस पकडून मावशीच्या गावाला गेला. खिशातले सगळे कागद काढून ठेवून गेला. पेनसुद्धा नेलं नाही.

मावशीचं स्वयंपाकघर म्हणजे एक टेबल आणि चार खुर्च्या. चुलीपाशी पाल्मिराबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, कोपरापर्यंत पिठात. गुरुवार नसतानाही न्योक्की होती. वळून न बघता त्या म्हणाल्या, "बस." त्याच्यापुढे ताट आलं. काय आहे ते कुणी सांगितलं नाही, त्याने मान डोलवली नाही. पहिली गोळी जिभेवर ठेवताच ती विरघळली. चार महिने त्याने जे गिळलं होतं ते सगळं त्याला एकदम आठवलं. आईचा हात त्याच्यासमोरच होता, कढत पाण्याच्या वाफेत लाल झालेला, मिठाने चरचरलेला, झारा धरलेला. आई नीट होती. त्याला वाटलं, हे जन्मात पुन्हा हातचं जाऊ द्यायचं नाही. हे सांभाळलं पाहिजे. हे राहिलं पाहिजे.

आणि त्याने खिशातून फोन काढला.

"काय करतोयस?" पाल्मिराबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. एक फोटो. असू दे आठवण म्हणून. ताटाचा आणि तुझ्या हाताचा."

पाल्मिराबाईंनी झारा खाली ठेवला. टेबलापाशी आल्या, अर्धं भरलेलं ताट मुलाच्या समोरून उचललं आणि देलियापुढे ठेवलं. "तू खा गं," त्या बहिणीला म्हणाल्या. "ह्याचं झालं."

"आई, मी कुणाला दाखवणार नाही. शपथ."

"बस साडेतीनला आहे," पाल्मिराबाई म्हणाल्या.

सेत्तीमियो अर्धपोटी परतला. फोटो तोवर निघालेला होता, आणि शपथेप्रमाणे त्याने तो कुणालाच दाखवला नाही. फक्त इव्हानाबाईंना दाखवला, कारण त्या घरच्यासारख्या होत्या. त्यांनीही फक्त आपल्या भाचीला पाठवला. या घडीला त्या डोंगरात तीन मोटारी एकेका गावात थांबून देलिया नावाच्या बाईचं घर विचारत फिरत आहेत. सगळी माणसं सुसंस्कृत आहेत आणि सगळ्यांना फक्त खरं काय ते चाखायचं आहे.

देलियाच्या गावाचं नाव या कथेत दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते कळायला हवं होतं, असंही तुम्हाला वाटून गेलं असेल. तुम्ही त्या तीन मोटारींतल्या लोकांसारखे नाही, हे आम्हाला मान्य आहे. तुम्हाला फक्त एकदा जेवायचं आहे, आणि घरी आल्यावर फक्त चार जणांना सांगायचं आहे.